चूलबंद आवतन

अन्न समोर आलं की माणसाला भूक लागते. आमच्या भाऊजींना प्रश्न पडायचे. आर्वीपासून गिरडपर्यंत साऱ्या वर्धा जिल्ह्यात जेवणाच्या ताटाकडे इतक्या कुतूहलाने पाहणारा दुसरा माणूस झालेला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी त्यांच्या घरच्यांची मनापासून इच्छा होती. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगणघाटला त्यांचं किराण्याचं आणि धान्याचं दुकान. उंची बेताची, पायजमा उंचीहूनही बेताचा, आणि शर्टाच्या खिशात कायम कसले ना कसले दाणे. बोलता बोलता त्यातला एक दाणा तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि "भंडाऱ्याकडला हाय, पण मागच्या सालचा," असा निकाल देऊन मोकळे व्हायचे. दाण्याचं मूळ आणि कूळ शोधायची ही धंद्यातली सवय दुकानापुरती राहिली असती, तर कोणाची काही तक्रार नव्हती. पण ती हळूहळू स्वयंपाकघरात शिरली, तिथून पाहुण्यांच्या ताटात, आणि शेवटी पोटच्या पोरीच्या लग्नाच्या मांडवात. त्या मांडवाची गोष्ट मला सांगायचीच आहे, पण आधी माणूस तर नीट पाहून घ्या.

त्यांचे प्रश्न तसे दोनच. हे आलं कुठून, आणि हे जाईल कुठे? ऐकायला साधे वाटतात. पण समोर गरम भजी आहेत, बाहेर पाऊस आहे, आणि शेजारचा माणूस भजं हातात धरून "मास्तर, ह्या तेलाची फल्ली कुठली असन?" असं विचारतो आहे, अशा वेळी या प्रश्नांची धार कळते. फल्ली म्हणजे तुमची भुईमुगाची शेंग. मी वर्ध्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, हा माझा गुन्हा. जगातल्या यच्चयावत पदार्थांची उत्तरं मला पाठ असणार अशी त्यांची समजूत होती. शिवाय ते आमचे जावई. जावयापुढे तोंड वर करून बोलायचं नाही हे आमच्या घरचं वळण, त्यामुळे मी भजं खाली ठेवून आठवेल ते सांगायचो आणि भजी गार व्हायची.

एकदा थंडीच्या दिवसांत ताईने आम्हा दोघांना बाजारात पाठवलं. शेजारच्या शांतामायला ताप आला होता, तिच्यासाठी सफरचंदं आणायची होती. शांतामाय म्हणजे गल्लीतली सगळ्यांत वडीलधारी बाई, जिच्या जिभेला भाऊजीही वचकून असत. भाऊजी गाडीवाल्यापुढे उभे राहिले. सफरचंद हातात घेतलं, उलटं केलं, देठाकडून पाहिलं.

"कुठून आलं हे?"

"काश्मीरहून, भाऊ."

"कायनं आलं?"

"टरकनं."

"किती दिवस लागले?"

"आता मले काय मालूम?"

"मंग इतक्या दिवसांत टरकनं डिझेल किती पेलं असन? अन् हे सडू नाई म्हणून बरफ लावला असन तर तो कुठला?"

गाडीवाल्याने हात जोडले. "भाऊ, तुमाले सेव पायजे का टरक पायजे, ते एक डाव ठरवा ना!"

शेवटी आम्ही बोरं घेतली. विकणारी बाई वडनेरची, बोरं तिच्याच बांधावरची, ती स्वतः डोक्यावर टोपलं घेऊन बसने आलेली. तिच्यापाशी आल्यावर भाऊजींचे प्रश्नच संपले. शांतामाय बोरं खाऊन बरी झाली, ही गोष्ट त्यांनी पुढे दहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. तापात बोरं आणली म्हणून शांतामायने त्यांना काय काय ऐकवलं, ते मात्र ते गाळायचे.

हे वेड सुरू कुठे झालं तेही मला माहीत आहे, कारण त्यात माझाही हात आहे. नव्वद सालानंतर हळूहळू त्यांच्या दुकानाच्या मागे एक मंगल कार्यालय उभं राहिलं. लग्नसराई आली की मागच्या नालीत उष्ट्याचे ढीग पडायचे. गल्लीतले लोक नाकाला रुमाल लावून नगरपालिकेच्या नावाने शंख करायचे. भाऊजी काठी घेऊन गेले. ढिगाशेजारी उकिडवे बसले आणि काठीच्या टोकाने एक एक पदार्थ बाजूला करून पाहू लागले. मी लांबूनच म्हटलं, अहो, चला, लोक बघताहेत. त्यांनी भाताचं एक शीत काठीवर उचललं. "मास्तर, हा बासमती. हा आपल्याकडला नाई. उत्तरेकडून रेल्वेनं आला, टरकनं आला, माह्याच दुकानातून गेला असन. चुलीवर शिजला, ताटात पडला अन् ताटातून सीधा नालीत. इतक्या दुरून हा नाली पाहायले आलता का?" आता यावर गप्प बसावं की नाही? पण मास्तरकी हाडात मुरलेली. मी सांगून बसलो की असं अन्न ढिगाने सडलं की त्यातून एक वायू निघतो आणि त्याने हवा तापते. भाऊजी काठी टाकून उभे राहिले. "म्हंजे आपण फेकलेला भात आभायाले तापवते?" म्हटलं, तसंच काहीसं. त्या दिवसापासून हिंगणघाटचं ऊन वाढलं की ते सूर्याकडे न पाहता मंगल कार्यालयाकडे रागाने पाहायचे.

मग त्यांनी पाण्याचा पिच्छा पुरवला. दुकानात माल घेऊन येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला बसवून, चहा पाजून ते विचारायचे, तुह्या पिकाले पाणी किती वेळा देलं? गव्हाला चार-पाच पाणी लागतात आणि रब्बीची जवारी जमिनीतल्या ओलीवर अन् थंडीतल्या दवावर उभी होते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि एका सकाळी ते डोक्यात शिरणं वेगळं. त्या सकाळी त्यांनी घरातल्या गव्हाच्या डब्याकडे असं पाहिलं, जणू कोणी उधळ्या नातेवाईक येऊन राहिला आहे. दुसऱ्या दिवसापासून घरात भाकर. आता तुम्ही म्हणाल, भाकर चांगलीच की! अहो, चांगलीच. पण त्या काळात हिंगणघाटच्या व्यापाऱ्याच्या घरी पाहुण्याला पोळीच वाढायची असते. भाकर वाढली की पाहुणा घरी जाऊन सांगतो, दुकान बसलं वाटते त्यायचं. ताईने महिनाभर अबोला धरला, मग स्वतःच भाकरी थापायला लागली, आणि खरं सांगतो, तिच्या हातची भाकर आणि चून खाल्लं की पोळीची आठवण येत नसे. चून म्हणजे तुमचं पिठलं, जरा घट्ट.

पण सगळ्यांवर कडी केली ती खड्ड्यांनी. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला गेलो होतो, तिथे लोक स्वयंपाक करून जेवतात. जेवणं झाल्यावर भाऊजींनी एक पळसाच्या पानांची पत्रावळ आणि एक थर्माकोलची पत्रावळ, दोन्ही उष्ट्यासकट, पिशवीत घालून घरी आणल्या. परसात खड्डे खणले. एकात पानांची पत्रावळ पुरली, दुसऱ्यात थर्माकोलची, तिसऱ्यात नुसतं अन्न, चौथ्यात अन्न आणि तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. दर रविवारी आंघोळीच्या आधी खड्डे उकरून पाहायचे. लोक पाहुण्यांना लग्नाचा अल्बम दाखवतात, भाऊजी खड्डे दाखवायचे. पानांची पत्रावळ एका पावसाळ्यात माती झाली. कुटाराच्या खड्ड्यात काळंभोर खत झालं, त्यावर ताईने वांगी लावली. थर्माकोलची पत्रावळ दोन वर्षांनी बाहेर काढली तर धुऊन पुन्हा वाढायला घ्यावी अशी. "पाह्यलं का मास्तर? जेवण धा मिंटाचं अन् ताट सात पिढ्यायचं." ते थक्क होऊन म्हणायचे, आणि मी दर वेळी नव्याने थक्क व्हावं अशी त्यांची अपेक्षा असायची. आता कबूल करायला हरकत नाही, रविवारी मी हिंगणघाटला असलो तर त्यांच्या आधी मीच परसात जाऊन उभा राहायचो.

या सगळ्याचा जाच झाला तो वैशूला. वैशू त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. हुशार, मानी आणि बापावर जीव टाकणारी. आठवीत असताना तिची शाळेची सहल निघाली. सहल संध्याकाळी परत आली तेव्हा भाऊजी बसपाशी हजर. पोरी एक एक उतरू लागल्या तसे हे प्रत्येकीचा डबा उघडून पाहू लागले, कोणी काय खाल्लं आणि काय उरवलं. रागावले नाहीत हो, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "बाई, भेंडी काऊन नाई खाल्ली? खारट झालती का?" दुसऱ्या दिवसापासून शाळेत वैशूचं नाव डबा पडलं. दहावीपर्यंत पोरी तिला डबा म्हणून हाक मारत होत्या. ती घरी येऊन एक शब्द बोलली नाही. मला हे तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, हसत हसत सांगितलं, पण डोळे हसत नव्हते.

तिला पाहायला अल्लीपूरची मंडळी आली तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो होतो. ताईने मला एकच काम दिलं होतं, भाऊजींना परसाकडे जाऊ द्यायचं नाही. मी पाणी प्यायला आत वळलो आणि तेवढ्यात घात झाला. बाहेर येऊन पाहतो तर बैठक रिकामी आणि मुलाचे वडील खड्ड्याशेजारी उकिडवे बसलेले. मी देवाचं नाव घेतलं. पण त्या माणसाने कुटाराच्या खड्ड्यातली मूठभर माती उचलली, नाकाशी नेली आणि ते म्हणाले, "शेटजी, खत लय झकास झालं हाय. कुटार किती टाकलं?" दोन म्हातारे तिथे अर्धा तास बसले. मुलगाही वाकून पाहत होता. एकटी मुलाची आई ओसरीवर पदर सावरत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हे घर कसलं आहे असा उघड प्रश्न होता. तरी लग्न ठरलं.

लग्न ठरल्या संध्याकाळी वैशू वडिलांसमोर येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो. ती म्हणाली, "बाबा, मले तुमच्याकडून काही नको. एकच मागते. माह्या लग्नाच्या दिवशी कोणाले काही इचारायचं नाई. कोणाच्या पत्रावळीकडे पाहायचं नाई. एक दिवस. त्या एका दिवशी मले लोकायनं हसू नाई." भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, डब्याची गोष्ट त्यांना त्या क्षणी कुठेतरी टोचली असावी. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाई इचारत बाई. त्या दिवशी तोंड बंद."

आणि भाऊजी शब्दाचे पक्के. त्या दिवशी तोंड बंद म्हणजे त्या दिवशी. लग्नाला अजून वीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरोघर निघाले. त्यांच्या मनात एक सुंदर कल्पना आली होती. लग्नात अन्न वाया जातं ते अंदाजाने रांधल्यामुळे. प्रत्येकाला आधीच विचारलं की तू किती खाशील, आणि तेवढंच रांधलं, तर एक शीत नालीत जाणार नाही. लोकांना पोटभर मिळेल, पोरीचं नाव होईल, आभाळही तापणार नाही. सगळ्यांचंच भलं. गल्लीला त्यांनी चूलबंद आवतन दिलं. आमच्याकडे आवतनाचे प्रकार आहेत. घरटी एकाला बोलावतात ते वेगळं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं. घरोघरी गॅस आले तरी आवतन चूलबंदच. हे मानाचं आवतन. ते द्यायचं, हळद-कुंकू लावायचं आणि मग पायरीवर बसून विचारायचं, "पोळ्या किती खासान?"

आता मला सांगा, दारात वधूपिता हात जोडून बसला आहे, आणि तो विचारतो पोळ्या किती, तर माणूस काय सांगेल? "बस, दोन." रोज सकाळी आखाड्यात घुमणारा पैलवान म्हणाला, दोन. हमाली करणारे म्हणाले, दोन. त्यांच्या बायका म्हणाल्या, एक, अन् थोडासा भात. मलाही विचारलं. मी सहा खातो, लग्नात आठ. मीही सांगितलं, दोन. का सांगितलं? लाज वाटली, दुसरं काय! भाऊजी बसने अल्लीपूरला गेले, व्याह्यांच्या भाऊबंदांना विचारून आले. तिथे एक म्हातारा होता, तो म्हणाला, "पंधरा. अन् बुंदी अलग." भाऊजी परत येऊन हसत हसत सांगत होते, म्हातारा मोठा मजाकी आहे. साऱ्या पंचक्रोशीत खरं बोलणारा तो एकटाच होता, आणि तो तेवढा त्यांनी सोडून दिला.

आचाऱ्याने ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "शेटजी, माणूस तोंडानं दोन सांगते. बसल्यावर हात थोडीच ऐकते?"

"अरे, इतके लोक खोटं बोलतीन काय?"

"खोटं नाई हो. लाजते."

"माह्यापाशी काऊन लाजतीन? मी त्यायच्या भल्यासाठीच इचारून राह्यलो ना."

आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या खांबाकडे पाहिलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. सहा खातो म्हणून सांगायला हवं होतं. जावयाचा मान, जावयाचा मान, म्हणत मी गिळून बसलो, आणि ते मला अजून सलतं.

लग्न दुपारचं, ऐन मे महिन्यात. भाऊजींनी शब्द पाळला. सकाळपासून कोणाला एक प्रश्न नाही. पत्रावळींच्या बाजूने जायची वेळ आली की मान वळवून जायचे. वैशूच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं असं निश्चिंत हसू होतं. मामा म्हणून तिला मांडवात मीच आणलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पहिली पंगत वऱ्हाडाची बसली. पोळी, वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, कढी आणि बुंदी. अल्लीपूरची कष्टाची माणसं, पोटभर जेवली. त्या म्हाताऱ्याने पंधरा खाल्ल्या की नाही ते मी मोजलं नाही, पण तो सगळ्यांत शेवटी उठला. दुसरी पंगत नातेवाइकांची. तिसरीला गल्लीतले चूलबंदवाले बसले. पत्रावळी मांडून झाल्या, मीठ वाढून झालं, आणि आचारी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, पोळ्या सरल्या. भात तळाले हाय."

मी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं. तो माणूस असा उभा राहिला की मला त्यांच्याकडे बघवेना. दुकान त्यांचंच, तांदळाला आणि कणकेला तोटा नव्हता, माणूस धावलाही. पण आधण यायला वेळ लागतो, आणि पंगत तर बसलेली. शंभरेक माणसं रिकाम्या पत्रावळीपुढे मिठाकडे पाहत होती. कुजबुज सुरू झाली. पलीकडे कोणीतरी हसलं. विहीणबाई खुर्चीतून वळून पाहू लागल्या, आणि मी वर पाहिलं तर वैशूलाही कळलं होतं. तिने मान खाली घातली. तिने मागितलेली एकच गोष्ट तिच्या डोळ्यांदेखत मोडली होती. भाऊजी पंगतीपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले.

तेवढ्यात शांतामाय उठली. भरल्या पंगतीतून कोणी उठणं म्हणजे यजमानाचा केवढा अपमान, ते आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं. म्हातारी मांडवाबाहेर पडली. भाऊजींनी डोळे मिटले. आणि मग ती परत आली, तिच्या डोक्यावर फडक्याने झाकलेलं टोपलं. तिने ते आचाऱ्यापुढे आदळलं. वीस-पंचवीस भाकरी, आणि वर मिरचीचा ठेचा. ते पाहून तिच्या शेजारची उठली. मग समोरची. हमालांच्या बायका उठल्या. दहा मिनिटांत गल्लीतल्या जवळपास प्रत्येक घरातून काही ना काही आलं. कोणाचं चून, कोणाची डाळभाजी, कोणाच्या पोळ्या, कोणाच्या घरून तर वडे आणि कढी. सगळं ताजं, त्याच सकाळचं.

मला आधी नुसता आनंद झाला. भाऊजींना मात्र जे कळलं ते मला मागून कळलं. त्यांनी त्या ढीगभर अन्नाकडे पाहिलं आणि शब्द देऊनही त्या दिवशीचा एकुलता एक प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला. अगदी हळू.

"चूलबंद आवतन देल्लं होतं मी. चुली काऊन पेटल्या?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी शांतामायच म्हणाली, "बापू, तू दारोदार इचारत फिरला ना, किती खासान म्हणून? जिथं आधी इचारून वाढते, तिथं पोटभर मागायले माणसाले धीर होत नाई. घरी येऊन दोन घास खाऊ म्हणून साऱ्यायनं रांधून ठेवलं. आता बस झालं. वाढ."

भाऊजी वाढायला लागले. त्यांच्या हातात टोपलं, माझ्या हातात चुनाचं पातेलं. व्याही, जे पहिल्या पंगतीत भरपेट जेवले होते, ते येऊन शांतामायशेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मलेही एक भाकर द्या, शेटजी, लग्नात भाकर कोण देते!" मग वऱ्हाडातले आणखी काही येऊन बसले. विहीणबाईंनी खुर्चीतच ताटली मागवली आणि ठेचा दोनदा घेतला. हसणं पुन्हा सुरू झालं, पण ते आता वेगळं हसणं होतं. त्या पंगतीत कोणाच्या पत्रावळीवर एक शीत उरलं नाही. ज्या गोष्टीसाठी हा माणूस दहा वर्षं लोकांची बोलणी खात होता, ती गोष्ट त्याच्या पुढ्यात घडली, आणि तो मान वळवून चालत होता.

पुढे अल्लीपूरला त्या लग्नाचं कौतुकच झालं, अजून होतं. पण वैशू मनातून किती दिवस रागावलेली होती ते मी कधी विचारलं नाही. भाऊजी जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत घरी आलेल्याला ते भाकरच वाढत, पण किती हवी असं विचारत नसत. माणूस हात आडवा धरेपर्यंत वाढत. उरलं तर ताई गाईला घालायची आणि भाऊजी काही बोलायचे नाहीत. मला ते बरं वाटायचं आणि थोडं वाईटही वाटायचं. आता कोणी भजं हातात धरून मला काही विचारत नाही, आणि मी ती गरम गरम खातो, आणि फल्ली कुठली असेल हे मला खरंच जाणून घ्यावंसं वाटतं.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. पंगती उठल्यावर आतल्या खोलीत नवरा-नवरीची ताटं मांडली. जावईबापू जेवले आणि मित्रांकडे गेले. वैशूपुढे शांतामायकडची भाकर आणि चून होतं. तिने एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि ताट बाजूला सारलं. डोळे भरून आले, ती तशीच उठली. भाऊजी दारात उभे होते. त्या घरात ताटात टाकून उठणारी ती पहिली, आणि त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. उन्हं उतरल्यावर गाडी निघाली. पाया पडताना तिने विचारलं, "बाबा, सारे जेवले ना?" हे म्हणाले, "जेवले बाई." ती गाडीत बसली.

मांडव रिकामा झाला तेव्हा मी भाऊजींना शोधत आत गेलो. ते तिच्या ताटापुढे बसले होते. त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, भाऊजी, हे राहू द्या, मी दुसरं वाढायला सांगतो. त्यांनी मान हलवली.

"मास्तर, साऱ्या हिंगणघाटले इचारलं मी. अल्लीपूरले जाऊन इचारलं. हिले नाई इचारलं, बाई, तुह्या लग्नात तुले काय खावं वाटते."

मग त्यांनी ती गार भाकर चुनात कुस्करली आणि एक एक घास चावून लेकीचं उष्टं संपवलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.